एक उणे कंपन

प्रिय सृष्टी,

तुझा प्रबंध परवा पोस्टाने मिळाला. निळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत तुझं नाव. आधी देवापुढे ठेवला, मग हात धुऊन उघडला. इंग्रजी मला काजूच्या कलमांवरच्या औषधांच्या डब्यांपुरतंच कळतं, म्हणून चित्रं पाहिली. कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ चेंडू आणि त्याच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. किती जोड्या, कुठे कुठे लावल्या तर चेंडू पाण्यात विरघळेल पण मोडणार नाही, ते तू कॉम्प्युटरवर शोधत होतीस, एवढं मला ठाऊक. तुझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच, "आज चेंडवाक किती चिकटयलंस गो?" तू छत्तीस म्हणालीस की ती म्हणायची, "आता पुरे कर. आणि चिकटयलंस तर तो चेंडू रवाचो नाय, फणस होतलो." मग हसत फोन माझ्याकडे द्यायची.

गेल्या वर्षी तुझं काम संपत आलं होतं आणि एका रचनेत एक कंपन उणे आलं. मला समजेल असं तू सांगितलंस, की कॉम्प्युटरवरचे आकडे बदलायचे थांबले म्हणजे रचना टिकाऊ झाली असं नाही. कंपन उणे आलं म्हणजे ती डोंगराच्या धारेवर उभी आहे, जरा हलली की घसरेल. मला ते लगेच पटलं. काजूच्या कलमालाही कधी कधी काडीतल्या जुन्या रसावर पालवी फुटते. आत जोड धरलेलाच नसतो, महिन्याभरात कलम वाळतं. तुझी मैत्रीण रश्मी म्हणाली होती, एवढासा आकडा आहे, सोडून दे, कोण बघतंय. तू सोडला नाहीस. ती रचना बाद केलीस, जोड्या निरनिराळ्या जागी लावून सगळी गणितं पहिल्यापासून चालवायला घेतलीस. मला आवडेल ते उत्तर नको बाबा, जे आहे ते हवं, असं तेव्हा म्हणाली होतीस. मला अभिमान वाटला होता. आता ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

त्याच दिवसांत आईच्या पोटातली गाठ कळली. डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिने तरी आहेत. तुला त्या गणितांसाठी मोठ्या कॉम्प्युटरवर तीन आठवड्यांची पाळी मिळाली होती. ती सोडली असतीस तर पुढची थेट पावसाळ्यात. आईने घरी आल्या आल्या विचारलं, "सृष्टीक सांगलास?" मी म्हटलं, रवळनाथाला कौल लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. परशुराम गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली पाकळी लावली. उजवी आधी पडली तर तुला कळवून बोलवायचं, डावी पडली तर थांबायचं, असं मागणं होतं. घरी येऊन मी आईला सांगितलं की देव थांबायला सांगतो, पोरीचं काम होऊ दे. तिने एका शब्दाने वाद घातला नाही. "देव सांगता तर रवतंय," म्हणाली. पुढच्या रविवारी ती उशीला टेकून, घसा साफ करून तुझ्याशी बोलली. फणसाचा विनोदही केला. कौल घेतल्यापासून अकराव्या दिवशी पहाटे ती गेली.

तू पोचलीस तेव्हा तुलाही मी तेच सांगितलं, देवाचा कौल थांबायचा होता. तेराव्याला सगळे देवळात गेले, तू पायऱ्यांखाली चपला न काढता उभी राहिलीस. आता पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला येशील, पण ज्या देवाने आईपासून लांब ठेवलं त्याच्यापुढे हात जोडणार नाही, असं तू फोनवर म्हणालीस. आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर, एवढ्या इंग्रजीत तेवढंच मराठी, 'आईला, जिने माझी वाट पाहिली.' ते वाचून हे पत्र लिहायला बसलो.

सृष्टी, त्या सकाळी आधी उजवी पाकळी पडली. मी परशुरामला म्हटलं, वारा आला, परत लाव. परत उजवीच पडली. तो म्हणाला, "दोनदा सांगल्यान देवान, आता आणि काय इचारतस रे?" मी हातापाया पडून तिसऱ्यांदा लावायला लावली. डावी पडली, आणि तेवढीच घेऊन मी घरी आलो. वाटलं होतं, वेळ आहे. तुझ्या नावापुढे डॉक्टर लागलेलं बघायची घाई मला होती, तुझ्या आईला नव्हती. तिला तू हवी होतीस. मी तिच्याशी देवाच्या नावाने खोटं बोललो आणि ती ते खरं मानून गेली. वर्षभर रोज देवळात दिवा लावतो, पण मान वर करवत नाही. तू यायच्या आधी हे तुला कळायला हवं होतं. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. मी काही मागणार नाही. पण देवावर रागावू नकोस. त्याने तुला दोनदा बोलावलं होतं.

तुझाच,
बाबा