अर्जातली एक ओळ

प्रिय नोरीन,

शाळेतल्या निवडक हुशार मुलांच्या ऑनर सोसायटीत घ्यावं म्हणून तुझी टेसा पहाटे उठून, शाळेआधी गरजूंना धान्य वाटते. ही सेवा म्हणे! तास भरले की संपली. काल गाडी चालवताना तिला डुलकी लागली आणि गाडी खड्ड्यात गेली. तिला खरचटलंही नाही.

हा आटापिटा कॉलेजप्रवेशासाठीच ना, म्हणून मी तावातावाने कॉलेजच्या प्रवेश कचेरीत फोन केला. तिथली बाई म्हणाली, “अर्जात ऑनर सोसायटीची ती एक ओळ असते. नसली तरी चालतं.”

टेसाला सांगितलं, तर म्हणाली, “आजी, कॉलेजला चालेल गं. आईला चालेल का, ते विचार.”

तेच विचारायला बसले होते. पण तू ‘नाही’ म्हणालीस तर, या भीतीने पत्र टाकवत नाही.

तुझी आई,
ॲग्नेस