धाकट्याला लागलेलं पाणी

अण्णा,

काल धाकट्याने वाघोलीत एका सोसायटीला पाणी दाखवलं, आणि बोअर मारल्यावर ते लागलं. त्याच जागी पाणी मिळणार नाही असं मी लेखी देऊन आले होते. मी, भूजलाचं सर्वेक्षण करून पोट भरणारी तुमची थोरली लेक. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं असतं तर त्याने माझी समजूत घातली असती. मला समजूत नको होती. मला जळायचं होतं, आणि जळताना कोणी बघायला नको होतं.

उन्हाळाभर टँकरवर काढलेली माणसं ती. त्यांनी आधी मलाच बोलावलं. पार्किंगच्या कडेने सळया ठोकून, जमिनीत वीज सोडून, खालचा खडक तिला किती अडवतो ते मी मोजलं. मग चेअरमनसाहेबांना म्हणाले, "जनरेटरच्या बाजूला नको. पश्चिमेच्या भिंतीशी शक्यता आहे, पण खात्री देता येणार नाही." ते म्हणाले, "मॅडम, खात्री नाही हे आम्हाला आधीच माहीत होतं." आणि त्यांनी पाणाड्या आणला. तो माझा भाऊ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. धाकटा तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालत गेला, आणि जनरेटरपाशी नारळ उभा राहिला. काल तिथून पाण्याचा फवारा उडाला तेव्हा मीही बघायला गेले होते; बायका चिखलातच टाळ्या वाजवत होत्या. कोणीतरी धाकट्याच्या गळ्यात हार घातला. चेअरमनसाहेब माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "आपलं शिक्षण कुठपर्यंत झालंय म्हणालात?"

तुमच्याही गळ्यात असेच हार पडायचे. मार्केट यार्डात कांदा उतरवायला गेलात तरी अडते तुम्हाला आधी चहा द्यायचे, कारण त्यांच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या विहिरीची जागा तुम्ही दाखवलेली असायची. मी तुमच्या मागे मागे फिरायचे. मला तो एक दिवस अजून दिसतो. तुम्ही पुढे चालताय, नारळ उभा राहतो, तुम्ही टाचेने खूण करता. मग यंत्र लागतं, आणि दुपार होते तरी खालून नुसती काळ्या पाषाणाची धूळ वर येत राहते. शेतमालक विचारतो, "अण्णा, आसं कसं झालं?" तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघता आणि म्हणता, "पोरगी मागं चालत व्हती. पानी सरकलं." सगळी माणसं माझ्याकडे बघतात. मी स्वतःच्या पायांकडे बघते.

त्यानंतर तुम्ही मला कधी नेलं नाहीत. धाकट्याला न्यायला लागलात. मी ओट्यापाशी भाकऱ्या थापायचे आणि अंगणात तुम्ही त्याला चालायला शिकवायचात: पाऊल कसं टाकायचं, श्वास कधी धरायचा. तेव्हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घुमायचा. आता तर मी बरोबर नसते, मग आता किती बोअरी कोरड्या जातात? तो तुम्हाला विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, "देवाची परीक्षा घ्याची नसती." कोरड्या जात होत्याच. कधी मालकाने चपला घातलेल्या असायच्या, कधी घरात सुतक निघायचं. लागलेलं पाणी तुमचं, न लागलेलं दुसऱ्या कोणाचं तरी. तो प्रश्न घेऊनच मी भूशास्त्राला गेले. तुम्ही गावात सांगायचात, "पोरगी दगडं शिकती." त्यात कौतुक होतं की थट्टा, मला कधी कळलं नाही.

काल हार-फोटो उरकल्यावर मी बोअरवाल्याकडून खालून आलेला चुरा मागून घेतला. धुऊन पाहिला. काळ्या पाषाणाखाली एक मऊ तांबडा थर निघाला, आणि पाणी त्याच्या वरच्या भेगांतून आलेलं. गाड्या आडव्या आल्या म्हणून मी सळया एकमेकींपासून हव्या तितक्या लांब नेल्या नव्हत्या, त्यामुळे माझी वीज त्या खोलीपर्यंत पोचलीच नव्हती. चूक माझी, आणि तिचं कारण माझ्या ओंजळीत होतं. मग आणखी एक काम निघालं. मागच्या वर्षी शेजारच्या सोसायटीला मी अशाच मोजणीवरून नकार दिला होता. आज सकाळी त्यांना फोन केला. मी म्हणाले, "तुमच्याकडे पुन्हा मोजायला हवं." पलीकडून विचारणा झाली, "म्हणजे तेव्हा आपण चुकलात?" मी "हो" म्हणाले. असं "हो" म्हणत म्हणतच आमची विद्या पुढे सरकते, अण्णा. त्याला कोणी हार घालत नाही.

संध्याकाळी धाकटा चहाला आला. मी विचारलं, "आणि गेल्या महिन्यात कोरडी गेली ती?"

"तिथल्या मालकाचा इश्वास नव्हता, ताई."

"म्हणजे तुझं कधी चुकतच नाही."

"चुकंल कसं? पानी द्येव देतो." मग हसून म्हणाला, "तुजं मशीन आन माजा नारळ, दोगं मिळून धंदा करू की."

मी त्याला सोसायटीत परत नेलं. डोळ्यांना टॉवेल बांधला, गोल फिरवलं आणि म्हटलं, "आता दाखव." तो बिनतक्रार तयार झाला; त्याच्या मनात कसली भीतीच नव्हती. चालत चालत तो पार फाटकापाशी गेला, जनरेटरपासून कितीतरी लांब, आणि तिथे नारळ उभा राहिला. टॉवेल काढून त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खुशीत म्हणाला, "बघ ताई, हितंबी हाय!"

मला हसू आलं. राग यायला हवा होता. माझी एक चूक मला रात्रभर झोपू देत नाही, आणि हा माणूस स्वतःच्या चुकीवर उभा राहून चहा मागतो. तुम्हीही असेच होतात. ही निश्चिंती तुम्ही त्याला दिलीत. मला दिली असतीत तर मी काहीच शिकले नसते, हेही मला समजतं.

तुम्ही गेलात, हे वाचायला आता कोणी नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुम्ही अंगणात त्याला जे शिकवत होतात, त्यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. याची माझी खात्री आहे, आणि मी सहसा खात्री देत नाही. तरीही अण्णा, ते तुम्ही मला शिकवलं नाहीत.