माळ्यावरचा बंब पेटला

अहो सुरेखाचे बाबा,

आज सकाळी आपला बंब पेटला. तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली, पण ही बातमी पोटात ठेवणं मला जमेना, म्हणून लिहायला बसले.

आपल्या सुरेखाला मुलगा झाला. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायला गेले, तर विहीणबाई म्हणाल्या, "लालबागच्या चाळीत बाळंतिणीला रोज कढत पाणी कुठून देणार? आमच्याकडे गीझर आहे, इथंच राहू दे." पोरीचा चेहरा एवढासा झाला. पहिलं बाळंतपण, आणि माहेरी नाही? मी छातीठोक सांगितलं, "आमच्याकडे तांब्याचा बंब आहे."

होता, पण माळ्यावर, आणि गळका. संपात तुम्ही सभेहून आलात, डोक्यात सगळी गिरणी, आणि पाणी न भरताच बंब पेटवलात. सांध्याचं कथील वितळून गेलं. गिरणीचा बॉयलर सांभाळणारा माणूस घरचा बंब कोरडा पेटवतो, म्हणून अख्खा मजला हसला. "गिरणी चालू होऊ दे, मग बघू," म्हणत तुम्ही तो माळ्यावर टाकलात. गिरणी काही चालू झाली नाही. पण एका बंबाचं एवढं मनाला लावून घ्यायचं का हो? मी तर हसलेही नव्हते. बरं, हसले होते थोडी, मोरीत जाऊन.

तांबाकाट्याच्या भांडीबाजारात नेऊन सांधा झाळून आणला. बाकीचं मी केलं. तुम्ही दर रविवारी बडबडत बंब साफ करायचात, तेव्हा माझे कान उघडेच असायचे. जाळीखालची राख काढली. मधल्या नळीतली काजळी काठीला फडकं गुंडाळून पाडली. आतला खार चिंचेच्या पाण्यात भिजवून खरवडला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगो, ह्यां काय बायलमाणसाचां काम?"

मी म्हटलं, "मगे बाळंतपण काय बापयांचां?"

आज आधी पाणी भरलं, मग करवंट्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला. सांध्याला एक थेंब नाही. सुरेखा मोरीत पाटावर बसून म्हणत होती, "आई, अजून एक तांब्या ओत ना."

तासाभराने विहीणबाई नातवाला बघायला आल्या. बंबाकडे बघत जरा घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाणी उरलंय का हो? कंबर फार धरलीय. गीझरच्या पाण्याने शेक लागत नाही." मी दोन बादल्या काढून दिल्या. नाहून आल्या त्या लालबुंद होऊन. म्हणाल्या, "सव्वा महिना राहू दे तिला इथं. घाई नाही." मी नुसती मान हलवली, पण जिंकले हो मी.

आता बंब पुन्हा माळ्यावर जाणार नाही, हा माझा शब्द. दर रविवारी राख, काजळी मी काढीन. आणि हे शिकवलं कोणी असं कुणी विचारलं, तर तुमचं नाव सांगीन. लाजणार नाही, उखाणा घेणार नाही, सरळ नाव घेईन.

तुमचीच,
सुलोचना