तेहतिसावं धिरडं

झरी
बुधवार, १० जून २०२६

चि. योगीराजला आईचे आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. दादांचा गुडघा दुखतो आणि तरी ते रोज रानात जातात, तेव्हा तेही ठीकच म्हणायचे. हळदीसाठी बेड पाडून झालेत, आता पावसाकडे डोळे. म्हैस व्याली, पारडी झाली. तुझी तब्येत कशी आहे? चाकणच्या मेसचं जेवण मानवतंय का? हे विचारायला कितीदा फोन केला, तू उचलला नाहीस. मोबाईलवर लिहिलं तर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. तिथल्या बाई म्हणाल्या, आता पत्रं कोण लिहितं? मी म्हटलं, ज्यांची लेकरं फोन उचलत नाहीत ते. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच तोडता येत नाही.

रविवारी दुपारी तू दादांना फोन लावलास. थोडा वाजला आणि तुटला. रेंज गेली असेल असं तुला वाटलं असणार. त्याचं सांगतेच, पण आधी स्वयंपाकाचं सांगू दे.

तुझ्या चुलतभावाच्या, पप्पूच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे त्यानं तुला कळवलं असेलच. रविवारी मी शिवकन्येला आणि सुगतला जेवायला बोलावलं होतं. हो, आपल्याच घरात. आणि सुगतच्या आईला, सगुणाबाईंनाही. दादांना मी फक्त लेक-जावई येणार एवढंच सांगितलं होतं.

तू रागावणार, माहीत आहे. शिवकन्येनं बौद्धाच्या घरात लग्न केलं म्हणून सेलूच्या पाहुण्यांनी तुझी ठरलेली सोयरीक मोडली. तो निरोप मीच ऐकला होता, मी विसरलेले नाही. पण लग्न झालं त्याच वर्षी धोंड्याचा महिना आला, गावभर जावई आले, आणि आपल्या दाराला कडी होती. आता हा महिना आलाय. पुढचा यायला पुन्हा तीन वर्षं. दादांनी एकदा त्यांच्या पंगतीला बसून चार घास खावेत, मला दुसरं काही नको होतं. गेले पंधरा दिवस मी तेवढ्याच एका धास्तीत होते.

दोन्हीकडून अटी होत्या. सुगतनं शिवकन्येकरवी कळवलं, येतो, पोटभर जेवतो, पण पाय धुणं, ओवाळणं, वाण, यातलं काही करू नका. त्याचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. "मी देव मानत नाही. मग मलाच देव करून बसवू नका." इकडे दादा म्हणत, या महिन्यात जावई नारायण असतो, घरात यायचं तर वाण घेऊन जायचं, नाहीतर येऊच नये. दोघंही सरळ माणसं. सरळ माणसांच्या मधे उभं राहणं किती अवघड असतं ते मला विचार.

मग मला धिरड्यांचा केक सुचला. हसू नकोस. शिवकन्या येलदरीला करते, तिनं मला मोबाईलवर दाखवला होता. पातळ धिरडी एकावर एक रचायची, मधे साय लावायची, आणि वरून सुरीनं कापायची. तिची धिरडी गुळगुळीत असतात, अंड्याची. आपल्याकडे या महिन्यात अंडं कुठलं. मी तांदूळ भिजवून वाटले, रात्रभर आंबू दिले, त्यात कणीक, दूध आणि गाळलेलं गुळाचं पाणी घातलं. मला धिरड्याला जाळी हवी होती. चांगली भोकाभोकांची, अनारशाला पडते तशी.

साय मला पटली नाही. घरचा खवा केला, बांधावरच्या आंब्याचा रस आटवला, एका थराला खवा, एका थराला रस. पहाटेच तव्यापुढे बसले. पहिलं धिरडं चिकटलं, ते दरवेळी चिकटतंच. अर्धा कांदा तेलात बुडवून तवा घासला, मग सुटायला लागली. प्रत्येक धिरडं कापडावर वाळत घालायचं, गार झाल्याशिवाय रचायचं नाही, नाहीतर खवा पाघळतो आणि वरचा थर घसरतो. एवढं सगळं नीट केलं आणि दहाच्या सुमारास लाईट गेली. फ्रीज बंद. जावई येलदरीच्या वीजकेंद्रात आणि सासुरवाडीत लाईट नाही, मेळ बघ. परातीएवढा तो ढीग मी माठाच्या बाजूला ओल्या फडक्याखाली ठेवला आणि येता-जाता बघत राहिले. एका बाजूला झुकायला लागला की हातानं सावरायचा. घामानं माझा पदर भिजला होता, पण तो सगळा उन्हाचा नव्हता.

जाळी कशाला हवी होती, ते आता लिहिते. दादांना मी शब्द दिला होता. धोंडे नकोत, दिवा नको, ओवाळणं नको. वाणाला जाळीदार वस्तू लागते आणि ती तेहतीस लागते. मी तेहतीस जाळीदार धिरडी रचते. देवाला कळलं म्हणजे झालं, जावयाला कळायचं काय कारण? दादांनी मान डोलावली. आणि तिकडे शिवकन्येला मी शपथेवर सांगितलं होतं की वाण-बिण काही नाही, नुसतं गोडधोड आहे.

ते आले तेव्हा दादा ओसरीवर होते. सगुणाबाईंना बघून त्यांचा चेहरा बदलला. माझ्याकडे असं बघितलं की मी आत पळाले. पण आलेल्या माणसाला जा म्हणणारे ते नाहीत. या म्हणाले. सुगतशी धरणातल्या पाण्याचं बोलले. सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या. शिवकन्या मला मदत करायला आत आली, पण तिचे कान बाहेरच होते.

पाट एका ओळीत मांडले. दादा, सुगत, मग सगुणाबाई. दादा बसले. मी भाजी-भाकरी वाढली, पण दादा भाकरी नुसती मोडत होते, तोंडात घास जात नव्हता. माझं सगळं लक्ष त्या हाताकडे. मी केक आणून मधे ठेवला. थोडा कललेला होता, पण उभा होता. सुगत हसला, म्हणाला, मामी, हे तर लय भारी झालंय. दादांनाही बरं वाटलं. आणि बरं वाटलं की आपल्या दादांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. त्यांना गप्प बसवत नाही.

ते म्हणाले, "तेहतीस झालेत ना पुरे? मंग पोचलं वाण."

शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, तिथेच थांबली. सुगतनं आधी त्या थरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मामी, मी सांगितलं होतं," एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. ताट मात्र पुढे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवले. योगीराज, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दादा उठायच्या बेतात होते, एक हात जमिनीला टेकवलेला. आता ते उठले की सगळं संपलं, पुढची तीन वर्षं आणि त्याच्या पुढचीही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

तेव्हा सगुणाबाई हलल्या. झालं तेवढं सगळं त्यांना समजलं होतं. खेड्यातच जन्म गेलाय त्यांचा, तेहतीस म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको. त्यांनी हात पुढे केला, वरचं धिरडं दोन्ही हातांनी अलगद सोडवलं, जराही फाटू दिलं नाही, आणि दादांच्या ताटात ठेवलं.

"आता बत्तीस राहिले," त्या म्हणाल्या. "आता ह्ये वाण न्हाई, निस्तं खाणं हाय. सुगत, खा. व्याही, तुमी बी खा."

आता सगळा भार दादांच्या ताटावर. सगुणाबाईंच्या हातचं, त्यांनी स्वतः वाढलेलं. आपल्या घरात याआधी असं कधी झालं नव्हतं, आणि का झालं नव्हतं हे तुला सांगायची गरज नाही.

आणि नेमका तेव्हा फोन वाजला. दादांच्या खिशात, तुझा. त्यांनी काढून बघितला. पडद्यावर तुझा फोटो, निळ्या शर्टातला. मी समोरच होते, मला दिसला. रेंज चांगली होती, योगीराज. त्या पंगतीतून उठा, हेच सांगायला तू फोन केलास ते त्यांना ठाऊक होतं, मलाही. त्यांना उठायला निमित्त हवं असतं तर ते हातात होतं. बोलत बोलत बाहेर गेले असते, कुणाला वाईटही दिसलं नसतं. त्यांनी बोटानं तुझा फोन बंद केला आणि उपडा ठेवला. मग धिरड्याची घडी घातली आणि खाल्ली.

खाऊन झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, खवा कमी पडलाय. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी इतक्या वर्षांत कितीदा नावं ठेवली, पण एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. सुगतनं ताट परत ओढलं, पण तो नंतर फार बोलला नाही. त्याचं मन माझ्यावरून थोडं उतरलंय आणि ते मला भरून काढावं लागेल. भांडी उचलताना सगुणाबाई स्वयंपाकघरात आल्या. हळूच म्हणाल्या, "ईनबाई, परत असं करू नका. इच्यारून करा. आमी न्हाई म्हणलं तर न्हाई असतंय." मी हो म्हटलं. त्यांच्यापुढे मान वर करवेना.

संध्याकाळी मी दादांना म्हटलं, पोराला फोन लावा, तो वाट बघत असेल. ते बराच वेळ पारडीला खाजवत उभे राहिले. तुझ्यावर त्यांचा जीव आहे, हे मी सांगायला नको. मी परत म्हटलं, काय सांगू त्याला? तर म्हणाले, "सांग, जेवायलो होतो म्हणून."

तर तो निरोप मी तुला कळवला.

दिवाळीला सगळे येणार आहेत, सगुणाबाईसुद्धा. या खेपेला मी विचारून बोलावलंय. तुझाही पाट मांडीन, तुला आवडतं ते करीन. पण तो पाट कुणाला उठवून मांडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. रागानं का होईना, एकदा फोन उचल. तुझा आवाज ऐकून महिने झाले, मला आता राहवत नाही.

जपून राहा, वेळेवर जेव.

तुझी, शिवकन्येची आणि तो म्हणू देईल तेव्हा सुगतचीही,
आई