अक्काच्या गादीवरून टीव्ही

दिलीपच्या आई,

उभ्या जन्मात तुला पत्र लिहिलं नाही. तू माहेरी जायचीस ती चार दिवसांत परत यायचीस, मग लिहायचं कशाला? आज लिहितो आहे, कारण घरात टीव्ही घ्यायचा आहे आणि माझं डोकं फिरलं आहे. हसू नकोस! गेलेल्या माणसाला लोक मोठमोठ्या गोष्टी लिहितात म्हणे. मला टीव्हीचंच लिहायचं आहे. दुसरं कुणी ऐकून घेत नाही.

दुपारची लाईट गेली आहे. दिलीप हिमायतनगरला शाळेत शिकवायला गेला आहे. वंदनाकडं कोरा कागद मागितला. सुनेनं कशाला म्हणून विचारलं नाही, एवढं तिचं चांगलं.

आपला जुना टीव्ही गेला. तुझ्यामागं फार दिवस राहिला नाही. एका संध्याकाळी चित्र वरून-खालून दाबल्यासारखं झालं, मधे एक पांढरी रेघ उरली, मग टप् असा आवाज आणि जळका वास. मिस्त्री येऊन पाठ उघडून बघून गेला. "काका, ट्यूबच गेली. आता ह्याला लोणच्यात घाला," म्हणाला आणि स्वतःच हसला. मला ते हसणं आवडलं नाही. त्या टीव्हीवर तू क्रोशाचा रुमाल घालायचीस आणि रोज झटकायचीस. लोणच्यात घाला म्हणे!

तेव्हापासून अक्का बोललेली नाही.

अक्का माझी थोरली बहीण, पण सांभाळलीस तू. तिचं उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, त्याला आता किती वर्षं झाली? नणंद-भावजयीचं तुमचं कधी पटलं नव्हतं. तरी ती खाटेवरून पडली त्या दिवशी तूच खाट बाहेर काढलीस आणि तिची गादी भिंतीला लावून जमिनीवर घातलीस. "आता पडून पडून कुठं पडल?" असं तू म्हणालीस आणि अक्का वाकड्या तोंडानं हसली होती. पाणी मागायचं तर तिच्या तोंडून नुसता घरघर आवाज यायचा. पण संध्याकाळी मालिकेतली ती टिकली लावलेली सासू दिसली, की अक्का खणखणीत शिवी द्यायची. शुद्ध! एक अक्षर तुटायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, "देऊ द्या शिव्या. जीभ हलती राहिली पाहिजे." शिवी द्यायला तिला समोर तोंड दिसावं लागतं. नुसत्या आवाजाला कोण शिवी देतं?

आता समोर काळी पेटी. अक्का तिच्याकडं बघत पडून असते. जीभ हलत नाही. घास भरवताना वंदनाला ते जाणवतं, मला जाणवतं. दिलीपला जाणवत नाही असं कसं म्हणू? पण त्याच्या डोक्यात लातूर बसलं आहे.

लातूरला त्याच्या साडूनं एलसीडी घेतला आहे. बारशाला गेलो तेव्हा बघितला. भिंतीवर देवाच्याही वर टांगला आहे! त्याच्यासमोर सोफ्यावर पाहुणे एका ओळीत बसलेले, जसे काही बस स्टँडवर गाडीची वाट बघत आहेत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. घरातल्या बाया आतल्या दाराशी उभ्या राहून माना वाकड्या करून बघत होत्या. साडू मला म्हणाला, "काका, ही टेक्नॉलॉजी हाय. जुनी डबडी आता फेकायची." मला त्याचा, त्या सोफ्याचा आणि त्या बारशाच्या श्रीखंडाचाही वीट आला. दिलीप मात्र परत येईपर्यंत एसटीत त्याच एका भिंतीबद्दल बोलत होता.

मागच्या रविवारी आम्ही दोघं नांदेडला गेलो. दुकान कसलं, नुसता झगमगाट! आत गेल्याबरोबर गार वारा आणि गोडगोड फवाऱ्याचा वास, उलटी येईल असा. सगळ्या टीव्हींवर एकच लाल मासा पोहत होता. पन्नास ठिकाणी एकच मासा! काय ही शिसारी! माणसाचं चित्र कुठंच नाही. माशाचं तोंड कसं दिसायला पाहिजे हे मला काय कळणार? चुकीचं दाखवलं तरी कळायचं नाही, म्हणूनच मासा लावला असणार.

दोन टीव्ही शेजारी शेजारी होते. एक एलसीडी, पाटीसारखा पातळ. दुसरा स्लिम, म्हणजे आपल्या जुन्यासारखाच काचेच्या ट्यूबचा, पण पाठ कापून अर्धी केलेली. विकणारा तोंडपाठ बोलत होता. हे पण एचडी, ते पण एचडी. मी विचारलं, "एचडी म्हणजे काय?" तो म्हणाला, "क्लिअर, काका." मी म्हणालो, "मग आमच्या हदगावच्या केबलचं लाव की. मासा काढ." लावलं त्यानं, कुरकुरत. तुला सांगतो, एलसीडीवर बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडावर देवीचे व्रण उठल्यासारखं झालं. स्लिमवर ती बाई धडधाकट होती.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. मी खाली बसलो.

"आजोबा, खाली कशाला? खुर्ची देतो की," विकणारा म्हणाला.

"राहू दे. आमची अक्का खालून बघती."

बसून नीट कळेना, म्हणून आडवा झालो. अक्कासारखा, डाव्या कुशीवर. टोपी गळाली. दिलीप दातओठ खात म्हणाला, "बाबा, उठा. लोक बघून राहिले."

"तू पण ये जरा खाली. बघ तर."

"बाबा, उठा म्हणतो ना!"

गल्ल्यावरून मालक ओरडला, "ओ आजोबा, टीव्ही घेऊन राहिले का गादी?" सगळं दुकान हसलं. दिलीप फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. फोन वाजला नव्हता. मी खालीच होतो, मला त्याचा खिसा दिसत होता.

आणि काय दिसलं सांगू? एलसीडीतल्या त्या बाईचं तोंड तव्याच्या बुडासारखं काळं, आणि केस पांढरे! फोटोवाला काचेवरचं उलटं चित्र दाखवतो ना, तसं. उठून बसलो, काळं. उभा राहिलो, एकदम गोरी! परत आडवा झालो, परत काळी! शेजारच्या स्लिमकडं बघितलं तर बाई जशीच्या तशी. समोरून तीच, खालून तीच, दाराच्या बाजूनं जाऊन बघितलं तरी तीच. एलसीडीवर तिथूनही अंधारच.

मालकाला बोलावून दाखवलं. तो काही वाकला नाही. म्हणाला, "आजोबा, टीव्ही समोरूनच बघतात."

"मग बाजूला बसणाऱ्यानं काय करायचं?"

"त्यानं पण समोर बसायचं."

ऐकलंस? सगळ्यांनी समोर बसायचं! असलं घर ह्या माणसानं कुठं बघितलं? आपल्या घरात समोर मीच बसायचो. तू चुलीपुढून, नंतर शेगडीपुढून, दाराच्या चौकटीतून तिरपं बघायचीस. एका हातानं भाकरी थापत अख्ख्या मालिका संपवल्यास तू. तुला कसं दिसतं हे मी कधी विचारलं नाही, आणि तो जुना टीव्ही इतका भला, की विचारायची वेळ आणली नाही. हा नवा असता तर तुझ्या वाट्याला आयुष्यभर काळी तोंडं आली असती.

मी दिलीपला हे परतीच्या गाडीत सांगितलं. खाली टेबलावर तरी ठेव म्हणालो. तो म्हणाला, "एवढा पैसा घालून जमिनीवर ठेवायचा? भिंतीवरच लागतो तो." मी म्हणालो, तिला तिरपंच दिसतं रे, तिला कूस बदलता येत नाही.

परवा जेवताना परत विषय निघाला. मी घाबरत घाबरत म्हणालो, "स्लिम घेऊ."

"बाबा, ते मॉडेल आता बंद पडून राहिलं. दुकानात शेवटचा पीस हाय. उद्या बिघडला तर सामान न्हाई मिळायचं."

"अक्काला दिसत न्हाई रे त्यात."

"अक्काचं काय घेऊन बसले? तिला नुसता आवाज आला तरी बास." आणि घास तोंडात असताना पुढं म्हणाला, "किती दिवस राहिले आता तिचे?"

दिलीपच्या आई, मला ताटावरून उठावंसं वाटलं. उठलो नाही. मी कधी उठलो आहे? तू असतीस तर पळी घेऊन धावली असतीस. ह्याच अक्कानं त्याला कडेवर घेऊन हदगावचा आठवडी बाजार दाखवला. ह्याच पोराला! वर्गात मुलांना काय शिकवत असेल हा? अन्नाचीच किळस आली मला. डाळीला वास येतो आहे असं वाटलं. डाळ चांगली होती.

अक्काचं अंग गेलं, कान नाहीत गेले. मी बघितलं तर तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. मान तेवढी तिची तिला फिरवता येते.

खरं सांगू, मला तुझाही राग आला. भांडणं सगळी तूच केलीस. दुधवाल्याशी, शेजाऱ्याशी, दिलीपशी, माझ्या वाट्याची सुद्धा. मी मागं उभा राहून नुसता खाकरायचो. पाटबंधारे खात्यात चौकीदारी केली, तिथं पाण्यावर लक्ष ठेवायचं होतं, पाण्याशी भांडायचं नव्हतं. तुझ्यासोबत इतकी वर्षं राहून मला भांडता येऊ नये? थोडं शिकवून जायचं होतंस!

चार दिवस झोप धड नाही. स्लिम आणला आणि तो खरंच बिघडला तर? इथलं व्होल्टेज तुला माहीत आहे, कधी दिवा काजव्यासारखा, कधी बल्ब फुटेल असा. स्टॅबिलायझर लावला तरी पाल शिरली तर? आणि दिलीप रागानं जेवला नाही तर? म्हातारपणी त्याच्याच दारात आहे मी. हे सगळं एकापाठोपाठ डोक्यात येत राहतं.

आज सकाळी वंदना भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "बाबा, त्या भिंतीवरच्या टीव्हीत सैपाकघरातून दिसन का ओ?"

मी म्हणालो, "न्हाई दिसायचं. बाजूनं जाऊन बघितलं मी. अंधार."

तिनं हातातलं पातेलं दोनदा विसळलं. मग म्हणाली, "उद्या ह्यांची शाळा हाय. रविवारी ते जाणार नांदेडला. तुम्ही उद्याच जाऊन या की. भाकरी बांधून देते."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"मला काय माहीत? मी काय विचारते का कुणाला काही?"

बघ! तिच्या डोळ्यांत तुझी थोडी कळा आली आहे. मी तिला तसं बोललो नाही, तिला राग आला असता.

तर ठरलं. उद्या सकाळच्या एसटीनं नांदेडला जातो. माझी पेन्शन आहे, कुणापुढं हात पसरायचा नाही. तो शेवटचा पीस घेतो. दुकानाचा टेम्पो इकडं भोकर-हदगावकडं माल टाकायला येतो, त्यातच पुढं बसून येईन. मालक परत गादीचं विचारेल. विचारू दे, त्याचं तोंडच बघायचं नाही मला.

एक गोष्ट मी त्या दुकानातच हेरून ठेवली आहे. तो स्लिम नावाचाच स्लिम आहे. पाठ कापली तरी काच तीच. उचलायला दोन दांडगे गडी लागतात आणि तेही कण्हतात. एलसीडी कुणीही काखेत मारून घेऊन जावा. भांडणात मी टिकायचो नाही, तुला ठाऊक आहे. दिलीप दोन शब्द मोठ्यानं बोलला की माझी जीभ टाळूला चिकटते. पण टीव्ही एकदा अक्कासमोर खाली ठेवला, की तो तिथून हलवणं मास्तराच्या हातून व्हायचं नाही. मी गप्प बसलो तरी चालेल. टीव्ही बसलेला असेल.

आणि तुला शब्द देतो. खुर्चीत नाही बसणार. संध्याकाळी अक्काच्या गादीशेजारी खाली बसेन. ती मालिका मला बघवत नाही, त्या सासूची टिकली, ते ढणढण संगीत, सगळ्याची मळमळ येते. तरी बघेन. अक्कानं शिवी दिली की तू "हाव अक्का, लई नालायक हाय ती" म्हणायचीस. आता मी म्हणेन. पहिल्या दिवशी नाहीच दिली तिनं शिवी, तर तिची जीभ हलेपर्यंत मी त्या सासूला देत बसेन, दिलीपच्या देखत.

तुझा,
दिलीपचे बाबा
हदगाव