इतोहानच्या आधी माझं कॉलेज

३ मार्च
इतोहान कलेचा इतिहास शिकणार म्हणे. धाकटी बहीण! बाबा आमच्या इगुन गल्लीतल्या एकेका ओतार्‍याला गाठून सांगतायत. थोरला मी, पितळी मुखवट्यांत वाढलेला मी, मला कुणी विचारलं?
ठराव: कलेचा इतिहास मीच शिकणार. तिच्याआधी.

५ मार्च
कॉलेज निवडलं. लागोस. समुद्र आहे.
संध्याकाळी: इतोहान इबादानला अर्ज करतेय. तिथला विभाग उत्तम म्हणे. पूर्ण विचारांती माझंही इबादानच.

९ मार्च
ती दिवसभर भट्टीपाशी, मेणाची डोकी घडवत. मुली ओतकाम करत नाहीत, याची बाबांना आठवण दिली. ते म्हणाले, मेण ती घडवते, पितळ मी ओततो, आणि तू रे, भाता मारायला बोलावलं की तुझं डोकं कसं दुखतं?
इतिहासकाराला डोळे जपावे लागतात. धूर चालत नाही.

१४ मार्च
आईने बोकडाचा मोठा तुकडा तिला वाढला. माझ्या छातीत जळजळ. यामचे कंद जास्त झाले असणार.

२ एप्रिल, इबादान
मुलाखत फक्कड! विभागप्रमुख अदेबिसीबाईंच्या टेबलावर पितळी डोकं होतं. काय दिसतं, म्हणाल्या. मी सुटलोच. चारशे वर्षं जुनं, राजदरबारचं, असा हात पुन्हा होणे नाही! बाई खाली मान घालून लिहीत होत्या. भारावल्या असाव्यात.
माझ्यानंतर इतोहान. पाच मिनिटांत बाहेर. बिचारी.

३ एप्रिल, बसमध्ये
ती म्हणते, दादा, ते डोकं गेल्या वर्षी आपल्याच दुकानातून गेलं. मेण माझं, ओतलं बाबांनी. डावा कान वाकडा झालाय, तोही बघितला नाहीस?
जळते माझ्यावर.

२० एप्रिल
निकाल. तिला प्रवेश. मला नाही.
बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, उयी बाळा, घरातला हात ओळखला नाहीस रे?

२२ एप्रिल
इबादान मला पटलं नव्हतंच. समुद्र नाही.
तासभर भाता मारला. डोळ्यांतून पाणी. धूर फार.

३० सप्टेंबर
इतोहानची बस गेली. बाबा पुन्हा गल्लीभर फिरतायत. आता माझंही नाव घेतात. सांगतात, थोरल्याने परक्या बाईसमोर बहिणीच्या कामाला म्हटलं, असा हात पुन्हा होणे नाही.
लोक येऊन माझी पाठ थोपटतायत. नाही म्हणता येत नाही.