दोन सह्यांची नोंदवही

जयपूर,
रविवार, १८ ऑक्टोबर २०२६

प्रिय दादा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी सव्वासातला बाबांच्या छातीत दुखू लागलं. आठ वाजता दवाखान्यात भरती केलं.
२. दुपारी दोनला डॉक्टरांनी प्रकृती स्थिर असल्याचं सांगितलं.
३. चार वाजून दहा मिनिटांनी पुण्याहून तुझा फोन. तू विचारलंस, निघू का? मी सांगितलं, रक्तदाब ११८/७६, नाडी ८२, ऑक्सिजन ९६.
४. तू निघाला नाहीस.
५. बुधवारी पहाटे पाच चाळीसला बाबा गेले.
६. तू दुपारच्या विमानाने आलास. सांगानेर विमानतळावरून थेट स्मशानात.
७. तिथून निघताना तू म्हणालास, "तू मला आकडे दिलेस, अक्षू." त्यानंतर आपण बोललो नाही. आज वीस महिने सहा दिवस झाले.

ह्यातला एकही आकडा चुकीचा नाही. मी फोनमधल्या वेळा पुन्हा तपासल्या.

आई आता भुसावळला मावशीकडेच असते. तुला ते माहीत असेलच, तुमचं बोलणं होतं. मी झोटवाड्यातच आहे, पण भुसावळहून बदली होऊन आपण आलो त्या रेल्वे कॉलनीच्या पलीकडे, एका खोलीत. इथल्याच झालाना भागातल्या ऑफिसात दिवसभर माझ्या पडद्यावर चारशे बारा गावांतल्या पाण्याच्या पंपांची मोजमापं येतात. एखादा पंप गप्प झाला की मी पत्ता शोधून माणूस पाठवते. शेजारच्या टेबलावरचा श्रेयस म्हणतो, "मॅडम, तुमच्याशी बोलायचं तर पंप व्हावं लागतं." तो नाशिकचा आहे. त्याच्याशिवाय इथे माझ्याशी मराठीत कोणी बोलत नाही, आणि तोही डिसेंबरात बदली घेऊन चाललाय.

खोली बदलताना आपली नोंदवही सापडली. बाबांनी रेल्वेच्या ऑफिसातून आणलेली ती कोरी, मोठी, सिग्नलच्या बिघाडांची वही. तारीख, बिघाड झाल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, कारण, आणि शेवटी सह्यांचे दोन रकाने, एक सिग्नलवाल्याचा, एक स्टेशन मास्तरचा. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय सिग्नल सुरू झाला असं धरायचं नाही, हा बाबांच्या खात्याचा नियम. तू पंधरा वर्षांचा, म्हणून स्टेशन मास्तर. मी अकरा वर्षांची, म्हणून सिग्नलवाली.

आपण तीत अंतराळातल्या घटना लिहायचो, आणि पहिली नोंद तुझ्या अक्षरात आहे. ४ ऑक्टोबर १९५७, पहिला कृत्रिम उपग्रह. तीन आठवड्यांनी बीप बंद. कारण : बॅटरी संपली. 'सुरू झाल्याची वेळ' ह्या रकान्यात तू रेघ मारलीस आणि आपण दोघांनी गंभीरपणे सह्या केल्या. चंद्रावर माणूस उतरल्याची नोंदही आपण बिघाडाच्याच रकान्यांत बसवली. सगळ्या जगाने ते जुलै १९६९मध्ये टीव्हीवर पाहिलं, असं तू लिहिलंस. त्याखाली बाबांनी पेन्सिलने भर घातली : भुसावळच्या आपल्या घरात टीव्ही १९८४ साली आला. उशीर, पंधरा वर्षे.

मग रविवारी सकाळची ती मालिका. परदेशी, जुनी, हिंदीत डब केलेली, यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे मलासुद्धा कळायचं. तिच्या सव्विसाव्या भागात एक बाई यानाची कप्तान झाली. खऱ्या अंतराळयानाचं नेतृत्व पहिल्यांदा बाईकडे आलं ते १९९९च्या जुलैत. मालिका त्याच्या कितीतरी आधीची, म्हणून तिची नोंद आधी हवी, असं तुझं म्हणणं. जे घडलंच नाही त्याच्यावर मी सही करणार नाही, असं माझं. दोन आठवडे मी सही अडवून धरली. खऱ्या नोंदी निळ्या शाईत होत्या, म्हणून शेवटी बाबांनी लाल पेन आणून दिलं. "नोंद सगळ्याची होते बेटा. शाई वेगळी घ्या अन् मोकळे व्हा." बाबांची त्या मालिकेबद्दल एकच तक्रार होती. "ह्यांचं मस्त आहे भाऊ. आमचं सिग्नल पडलं तर कंट्रोलला फोन लागेस्तोवर चहा होतो, अन् हे शनीवरून हॅलो म्हणाले की लगेच उत्तर!"

त्यावरूनच तू ते गणित मांडलंस. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून इतकं लांब कधी जाईल, की आपण हॅलो म्हटल्यावर ते पोचायला पूर्ण एक दिवस लागेल? एक दिवस जायला, एक दिवस उत्तर यायला. बाबांच्या कॅल्क्युलेटरवर तू जानेवारी २०२७ काढलंस. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरते, ते तू धरलं नव्हतंस. खरं उत्तर ह्या नोव्हेंबरचा मध्य आहे. शेवटच्या पानावर ती नोंद तू तेव्हाच लिहून ठेवलीस आणि सह्यांची जागा सोडलीस. खाली लिहिलंस, 'ह्या दिवशी दोघंही हजर पाहिजेत.' तारीख मी काल दुरुस्त केली. बाकी काही खोडलेलं नाही.

तू पुण्याला गेल्यावरही बाबा नोंदी करायला लावायचे. २०२३च्या जुलैत व्हॉयेजर-२ला एक चुकीची आज्ञा गेली आणि त्याचा अँटेना पृथ्वीपासून दोन अंश दुसरीकडे वळला. दोनच अंश. पण आवाज बंद झाला. यानात काही बिघडलं नव्हतं, त्याने आज्ञा तंतोतंत पाळली होती. ऑगस्टात फार मोठ्या शक्तीने संदेश पाठवला, तेव्हा कुठे ते परत वळलं. त्याच महिन्यात तेवीस तारखेला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ उतरलं. बाबा उभे राहिले आणि टाळ्या वाजवताना त्यांचा चष्मा पडला. दोन्ही नोंदींवर मी सही केली. तुझ्या रकान्यात त्यांना करायला सांगितलं तर म्हणाले, "ती संग्रामची जागा आहे. येईल तेव्हा करेल." तू दिवाळीत आलास आणि दोन्ही सह्या केल्यास. तू तेव्हा खालचा मजकूर वाचला नसशील. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय : मास्तर आले, सही झाली, सिग्नल चालू.

मघाशी क्रमाने लिहिलं, त्यात एक नोंद मी गाळली आहे. क्रमांक दोन आणि तीनच्या मधली. तीन वाजून वीस मिनिटांनी बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "संग्रामला म्हणावं, ये." आवाज साधा होता, भेदरलेला नव्हता. नर्सने मास्क परत लावला. मी मॉनिटरकडे पाहिलं, सगळे आकडे ठीक होते. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत म्हणाले असतील, तुला उगीच कशाला धावपळ. पन्नास मिनिटांनी तू स्वतःच विचारलंस, निघू का? तेव्हाही मी ते सांगितलं नाही. स्मशानात तू मला आकड्यांबद्दल बोललास, तेव्हा तू अर्धंच जाणत होतास आणि मी तुला अर्धंच जाणू दिलं. नंतर मी आकडे बरोबर असल्याचं धरून बसले, कारण ते बरोबर होते. बाबांनी तुला बोलावलं होतं, दादा. तू आला नाहीस, तो दोष तुझा नाही. निरोप माझ्यापाशी अडकला. ही नोंद मी आज सकाळी वहीत केली, निळ्या शाईने. कारणाच्या रकान्यात माझं नाव आहे. माझी सही झाली आहे. शेजारचा रकाना मी भरू शकत नाही.

शेवटच्या पानावरची ती दुरुस्त तारीख, पंधरा नोव्हेंबर, रविवारी येते. मी दिवसभर खोलीवर असेन. हे वाचून तुला यायचं नसेल, तर तेही मला समजेल, पण कळव. 'येतो' किंवा 'नाही', एक शब्द पुरे. शुक्रवार, ३० ऑक्टोबरपर्यंत उत्तर पाठव.

तुझीच,
अक्षू